वॉर्डातली शेवटची खाट

"एकच खाट रिकामी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हा दोघांनीही खरं सांगायचं."

"खरंच सांगतो," दादा म्हणाला. धाकट्याला भरती केल्याशिवाय घरी परतणार नाही, असा शब्द तो आईला देऊन आला होता. भावाच्या अंगाचा दारूचा दर्प एरवी त्याच्या डोक्यात जाई. आज त्याचंही काही वाटत नव्हतं. सगळ्यांचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे येत होते. टेबलाच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. त्याने ती हाताने झटकली.

"रोज पितोस?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"पगार टिकेल तोवर. महिनाअखेरीस उपास."

"उपासात हात थरथरतात? झटके?"

"नाही. फक्त दादाची बोलणी खावी लागतात."

"दात काढतोय बघा!" दादा म्हणाला. "माझ्याकडे बघून तरी शिकावं त्यानं. कित्येक वर्षं मी चूळ भरायच्या आधी घ्यायचो. परवा बाटली मोरीत ओतली. तेव्हापासून थेंब नाही. मनात आणलं की सुटते, एवढंच याला दाखवायचं होतं."

बाईंचं पेन थांबलं. "झोप लागते?"

"याच्या काळजीने कसली झोप?" दादाने मान पुसली. रुमाल चिंब झाला होता. दारातली नर्स मात्र स्वेटरची बटणं लावत होती. "जरा पंखा लावता का?"

पंखा कुणी लावला नाही. बाईंनी त्याचा हात मागून नाडी पाहिली. घरच्यांचीही बघतात वाटतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"धाकट्याने रोज सकाळी इथे येऊन औषध घ्यायचं, झोपायला घरी जायचं," बाई म्हणाल्या. "खाट तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? पितो हा, आणि भरती मी? आईला काय तोंड दाखवू?" दादाने टेबलावर हात आपटला. रांग फुटली आणि मुंग्या त्याच्या बाहीवर चढल्या. तो त्या भराभरा झटकू लागला. "आधी या मुंग्यांचं काही करा! दवाखाना आहे की वारूळ?"

धाकट्याचं हसू मावळलं. त्याने दादाचं मनगट घट्ट धरलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मुंग्या कुठे आहेत?"