नाशपातीची मुळं

प्रयोगशाळेतली बाटली उजेडाकडे धरून प्रेमलताने पुन्हा पाहिलं. आतला नाशपातीचा कोंब वर हिरवागार, टवटवीत. बुडाशी मात्र तीच ती करवंदाएवढी गाठ. मूळ म्हणाल तर नावाला नाही.

"नाही ना आलं?" बाटल्या विसळता विसळता इंदूबाईने विचारलं.

"नाही."

"काहून येईन वं? आपल्या नोकरीले मूळ नाही, तं त्याले कुठून फुटन?"

प्रेमलताला हसूही आलं नाही. खापरखेड्याहून बसमध्ये उभं राहून यायचं, दिवसभर मान मोडून कोंब कापायचे, आणि शेवटी स्वतःच्याच हाताने फेकायचे. नवऱ्याचं, वसंतचं काम सुटल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. आणि पगार नाशपातीला मुळं आणायच्या सरकारी योजनेवर. दर मार्चला सरकारकडून रूपरावसाहेब तपासायला येत, गाठी बघून कपाळाला आठ्या घालत, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मधुसूदनसर हात जोडत. "साहेब, अजून एक वर्ष द्या. आता येतीलच मुळं."

या खेपेला साहेब ऐकायचे नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

मुळं फुटायला कोंबाला संजीवक द्यावं लागतं. कमी पडलं तर काहीच होत नाही, जास्त झालं तर नुसती गाठ धरते. म्हणून सर ते कुणाच्या हाती देत नसत, स्वतः मोजत. पण फेब्रुवारीत सर कावीळ होऊन घरी पडले, आणि प्रेमलताने जीव मुठीत धरून पहिल्यांदाच स्वतः मोजलं. पुस्तकात दिलंय तेवढंच.

मुळं आली. दोऱ्यासारखी, पांढरीशुभ्र, जवळजवळ प्रत्येक बाटलीत.

"तुह्या हाताले गुण आहे वं," इंदूबाई म्हणाली.

साहेब यायच्या दिवशी सरही कामावर आले, खंगलेले, डोळे अजून पिवळे. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच दारात जीप थांबली. प्रेमलताने बाटली सरळ साहेबांपुढे धरली.

"शाबास," साहेब म्हणाले. कपाळावर एकही आठी नव्हती. "म्हणजे काम झालं तर. रोपं पहाडात पाठवून देऊ. इथलं आता महिनाअखेर बंद करून टाका."

जीप गेली. प्रेमलता भिंतीला टेकून उभी राहिली.

"पण सर, मुळं तर आली ना?"

सरांनी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"इतकी वर्षं संजीवक मी मुद्दाम जास्त टाकत होतो, पोरी."