चाळीस मिनिटांचं अंतर

विमानांची वेळापत्रकं बनवणं हे माझं काम. इथून आईच्या गावाच्या विमानतळापर्यंतचं अंतर मला तोंडपाठ आहे. दोनशे दहा किलोमीटर, चाळीस मिनिटं. आईला मात्र माझी इकडे बदली झाल्यापासून सहा वर्षं मी सांगत आलो, की चार तास लागतात. "एवढं लांब? मग नको दगदग करूस," असं तीच म्हणायची आणि मी सुटायचो.

आज सकाळी ऑफिसात बहिणीचा फोन आला. "दादा, डॉक्टरांनी फार तर दोन तास सांगितलेत. आणि चाळीस मिनिटांचं मला ठाऊक आहे. आईला बोलले नाही, एवढंच."

सुटायच्या बेतातलं विमान मी धावत जाऊन पकडलं.

चाळीस मिनिटं झाली, तरी विमान उतरेना. खिडकीतून आईच्या गावातली पाण्याची लाल टाकी दिसत होती आणि ती पंखाच्या टोकाखालून हलत नव्हती. पन्नास मिनिटं झाली. सव्वा तास झाला. टाकी तिथेच. दुसरं कोणी घड्याळसुद्धा बघत नव्हतं.

मी हवाईसुंदरीला विचारलं. ती हसली. "चार तासांचा प्रवास आहे, सर. पहिल्यांदाच जाताय का?"

लाजेनं मला ‘हो’ म्हणवेना.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हातातलं विणकाम थांबवलं. "कोणाकडे निघालात?"

"आईकडे. तिच्याकडे वेळ नाहीये हो."

त्यांनी माझा हात थोपटला. "मग घाबरताय कशाला? चार तास लागतात, हे तिला ठाऊक आहे."