कांताबाईचा रोहू

"हे माहं नाव काढून टाका, मॅडम," कांताबाई म्हणाली.

चिन्मयी फुलदाणी ठेवता ठेवता थांबली. उद्घाटनाला तास उरला होता. सदर भागातल्या त्या छोट्या कलादालनाच्या तीन भिंतींवर शंख, शिंपले, खेकडे, कोळंबी आणि एक तारामासा यांचे ठसे लागले होते. नागपुरात बसून समुद्राचे ठसे काढते म्हणून घरच्यांनी तिची यथेच्छ चेष्टा केली होती. पद्धत जपानी, ग्योताकू. माशाच्या अंगाला शाई लावायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि बोटांनी हलकेच दाबायचा. खवला न् खवला कागदावर उतरतो. डोळा मात्र उतरत नाही. तो शेवटी हातानं रंगवावा लागतो.

चौथ्या, मुख्य भिंतीवर एकटा रोहू होता. चांगला दीड हात लांब. निमंत्रणपत्रिकेवरही तोच. खाली पट्टी होती : 'रोहू. सकाळी पकडलेला, ताजा. मासळी : कांताबाई, मंगळवारी बाजार.'

दोन वर्षं कांताबाई तिला मासे निवडून देत होती. पर न तुटलेले, खवले शाबूत असलेले. तिचं नाव भिंतीवर झळकावं असं चिन्मयीला मनापासून वाटत होतं. म्हणून तर गर्दीच्या आधी तिला बोलावून घेतलं होतं. कांताबाईही दुकान नवऱ्यावर, रुपरावावर सोपवून, ठेवणीतलं हिरवं पातळ नेसून आली होती.

"का हो मावशी? नाव चुकलं का?"

"नाव बरोबर हाये. मासा शिळा हाये."

कांताबाईनं काचेवरूनच डोळ्यावर बोट टेकवलं. "हा पाहा. धुरकट. आत गेलेला. तीन दिवसाचा मासा हाये हा. तीस वर्षांत म्या शिळा मासा विकला नाही. आता सारे लोक येतीन न वाचतीन, का कांताबाई असा माल देते."

ते खरं होतं. कांताबाईनं दिला तेव्हा मासा ताजाच होता. पण जपानी कागदाचं पार्सल वाटेत अडकलं आणि रोहूनं तीन दिवस फ्रीजमध्ये काढले. डोळा तिनं समोर दिसला तसाच रंगवला. पट्टीवर 'ताजा' लिहिताना मात्र हात कचरला नाही. उद्घाटनाला येणारे ज्येष्ठ चित्रकार शरच्चंद्र सर यांना तर पत्रिकेवरच्या त्या डोळ्यात अथांग उदासी दिसली होती. कांताबाईला फ्रीज दिसला.

मासे छापायचे आणि कांताबाईशी वाद घालायचा, म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. चिन्मयीनं सगळं कबूल केलं. मग घाईघाईनं म्हणाली, "मावशी, मी काच काढते. डोळा नवा रंगवते, काळाभोर, चमकदार. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही."

आता मात्र कांताबाई भडकली.

"शिळ्या माशाच्या कल्ल्याले लाल रंग लावून विकणारे बहुत हायेत बाजारात. माह्या बाजूलेच बसतात. म्या नाही लावला कधी. तुमीबी तेच करून राहिल्या?"

आणि ती तरातरा निघून गेली.

चिन्मयीनं पट्टी सोलून काढली. एवढ्यावर भागण्यासारखं होतं. नाव गेलं की तक्रार गेली, आणि चित्र जिथल्या तिथे. पण रोहूकडे पाहिलं की तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. अखेर तिनं चौकट उतरवली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली. मुख्य भिंत रिकामी पडली. तीन वर्षांच्या मेहनतीचं पहिलं प्रदर्शन, आणि समोरच फक्त खिळा.

पाहुणे आले. शरच्चंद्र सरांनी आल्या आल्या विचारलं, "आपला तो उदास रोहू कुठंय?"

"तो शिळा होता, सर. मी खोटंच ताजा लिहिलं होतं."

सर हसले. त्यांच्या पाठोपाठ सगळे हसले. चिन्मयी मात्र हसली नाही.

त्याच वेळी दारातून कांताबाई आत आली. हिरव्या पातळाचा पदर खोचलेला, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. गर्दीनं आपोआप वाट दिली. भिंतीवरच्या खिळ्याकडे तिनं एकदा पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पाठमोऱ्या चौकटीकडे. तिचा चेहरा सैल झाला.

"गिऱ्हाइकाच्या हातातून काढून आणला," ती म्हणाली. "त्याले म्हटलं, आज हा भेटत नाही. घे वं पोरी. छाप. साऱ्याइच्या समोर."

पुष्पगुच्छांचं टेबल रिकामं झालं. कांताबाईनं मिठाच्या पाण्यानं रोहूची बुळबुळ काढली, पुसला, आडवा निजवला आणि शेपटीजवळचा पर दोन बोटांनी पंख्यासारखा उलगडून धरला. चिन्मयीनं शाई फिरवली. कागद ठेवला. दाब कुठे चुकला नाही. कागद उचलला तेव्हा सर नकळत पुढे सरकले. सगळा रोहू कागदावर आला होता. डोळ्याच्या जागी कोरा गोल होता.

चिन्मयीनं ब्रश हातात घेतला आणि कांताबाईकडे पाहिलं.

"काळा. गच्च काळा," कांताबाई म्हणाली. "न मधी जराशी चमक. जिता डोळा ओला असते."

डोळा उघडला. टाळ्यांनी दालन दणाणलं. इतका अभिमान चिन्मयीला स्वतःच्या कुठल्याच चित्राचा वाटला नव्हता. चित्र ओलंच भिंतीवर लागलं. मग तिनं नवी पट्टी घेतली, पेन उघडलं, आणि थांबली.

"मावशी, नाव लिहू?"

"लिही. पण पूर्ण लिही," कांताबाई म्हणाली. "कांताबाई रुपराव शेंडे. बाजारात कांताबाया तीन हायेत."