फडताळाचं कुलूप

बायको इंदू गेली, त्या दिवशी डॉक्टरांनी रंगनाथला तिचा रिपोर्ट समजावून सांगितला. "मेंदूत गाठ होती. पोट भरल्याचा निरोप मेंदूला मिळतच नव्हता. त्यांची भूक खरी होती."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तो शिवल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं. रंगनाथची थोरली बहीण पुटपुटली, "मेली खादाड! आणखी काय खायचंय हिला?"

रंगनाथनं पिशवीतून कुलूप काढून तिच्यापुढे ठेवलं. "अक्का, फडताळाला लावायला तूच दिलं होतंस. आता हात जोड. म्हण, इंदू, तू आजारी होतीस, चुकलं माझं. तोवर दर्भाचा कावळा करू देणार नाही. बस उपाशी, तिच्यासारखी."

तीन वाजता भुकेनं कासावीस झालेल्या अक्कानं हात जोडले. कावळा तरीही आला नाही.

रोज कुलूप लावणारे हात रंगनाथचे होते. ते जोडायचे अजून राहिले होते.