दुरुस्तीचा वाटा

पटलं तर घ्या, पण शहाण्णव साली आम्ही बोईसरच्या हौशी मंडळींनी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्राम केला होता, तोही फुकट. फ्लॉपी हातोहात फिरायची. ज्याला चूक सापडेल त्याने ती सुधारावी आणि पुढे द्यावी. नवापूरच्या काशीबाई त्या वेळा बघून खाडीतून होडी काढायच्या. फुकटचं घेणं त्यांना पटेना, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला त्या सुक्या बोंबलांची जुडी देऊ लागल्या. मग काय, जो तो दुरुस्त करत सुटला आणि गावभरच्या मांजरी आमच्या कॉम्प्युटरभोवती जमल्या. शेवटी प्रोग्राम डोंगराकडच्या मासवणलाही भरती दाखवू लागला, आणि परतणारी होडी खाडीच्या तोंडाशी चिखलात रुतून काशीबाईंची मासळी नासली. बाई तडक आमच्याकडे आल्या. "होडी परत आल्याबिगर आमी खलाशाला वाटा देत नाय. ज्यानं वेळ बदलली, त्यानं त्या वेळेला माज्या होडीत बसायचं. बोंबील मागनं." त्या आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या दुरुस्त्या गुपचूप काढून घेतल्या. एकच उरली, कारखान्यात टायपिंग करणाऱ्या चंद्रकांता नावाच्या मुलीची. रविवारी चंद्रकांता चपला हातात घेऊन खाडीवर आली. "पवता येतं का गो?" काशीबाईंनी विचारलं. "नाही." "मंग तुजी वेळ बरोबर हाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खलाशाला दोर सोडायला सांगितलं.