बिनकडीचं दार

भागवतनं बाजारातून आणलेली लोखंडी कडी आईपुढं, केवळाबाईपुढं ठेवली. किल्लारीच्या भूकंपात घराच्या दाराची कडी अडकली, तेव्हा कुण्या अनोळखी माणसानं पहारीनं दार फोडून या मायलेकरांना बाहेर काढलं होतं. तेव्हापासून केवळाबाईनं दाराला कडी बसवूच दिली नव्हती. “माय, क्लासवाल्यांच्या शेकडो ॲपमध्ये माझा फुकट दिलेला प्रोग्राम हाय, त्याचा कोड कुणालाबी वाचता येतो. एक अनोळखी माणूस दोन वर्षं त्यात ऑनलाइन मदत करत व्हता, म्हणून त्याला प्रोग्राममध्ये बदल करायचा हक्क दिला. त्यानं आत चोरटा कोड लपवला. पोरांचे पासवर्ड चोरीला गेले. आता कुणावर भरवसा न्हाई. दाराला कडी बसवू.” केवळाबाईनं विचारलं, “चोरी पकडली कुणी?” “परदेशातल्या एकानं. कोड वाचताना त्याला दिसलं, त्यानं सगळ्यांना सावध केलं.” “वळखीचा हाय?” “न्हाई.” केवळाबाईनं कडी उचलून त्याच्या हातात दिली. “दुकान उघडं असंल. वापस करून ये.”