सिग्नलला बंद पडणारी गाडी

बाबांच्या हातून गाडी दर सिग्नलला बंद पडू लागली, तेव्हा लेकीने जेवणाच्या टेबलावर, जावयादेखत, त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. "बाबा, आता वय झालं तुमचं. क्लच नीट सुटत नाही तुमच्याकडून." उभी हयात बस चालवलेल्या बाबांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे सरकवली.

परवा तीच गाडी तिच्या हातून भर चौकात बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. घरी येऊन तिने बॉनेट उघडलं. गाडी उभी असताना इंजिनाला हवा पुरवणारा व्हॉल्व्ह काजळीने गच्च भरला होता. आज नवा आणून तिने स्वतःच बसवला. इंजिन एका लयीत सुरू राहिलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने किल्ली बाबांच्या हातात ठेवली. "चूक गाडीची होती, बाबा, तुमची नव्हती. जा, एक चक्कर मारून या."

बाबांचा चेहरा खुलला. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला. मग काच खाली करून हळूच म्हणाले,



"तूही बस गं शेजारी. माझं काही चुकलं तर सांग."